हिवरवाडीची प्राणिजात

धम्मशीलाचं नाव समितीत आलं तेव्हा तिला वाटलं, आपल्या बी.एस्सी.ची कुणाला तरी आठवण झाली. परभणीला राहून प्राणिशास्त्रात पदवी घेतलेली आणि पुन्हा गावात परत आलेली हिवरवाडीत ती एकटीच. दोन वर्षं झाली होती. पदवी लोखंडी पेटीत आणि पदवीधर आईबरोबर कापूस वेचायला, असं चाललं होतं. त्यामुळे पंचायतीचा शिपाई वैजीनाथ दारात उभा राहून "ताई, जैवविविधता समितीत तुमचं नाव घेतलंय" म्हणाला, तेव्हा ती हरखून गेली.

"माझंच नाव कसं काय सुचलं?"

वैजीनाथ पोटात काही न ठेवणारा माणूस. "वरून आलंय, एक एससी बाई पायजेच म्हनून. सुमनकाकूला घेनार होते, पन सही येनारी लागती म्हन्ले."

सुमनबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "सही मलाबी येती म्हनावं. अंगठा कवाच सोडला."

धम्मशीलाचा हरिख तिथंच अर्धा ओसरला. पण उरलेला अर्धा घेऊन ती दुसऱ्या दिवशी बैठकीला गेली.

हिवरवाडी येलदरी धरणाच्या पाण्याच्या कडेला. गावच्या हद्दीत रानात, पाण्यात, झाडावर काय काय जगतं, त्याची नोंदवही आठ दिवसांत भरून द्यायची, असा हुकूम आला होता. वही छापील होती. तिच्या तिसऱ्या भागावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्थानिक प्राणिजात'.

समितीचे अध्यक्ष व्यंकटराव गुरुजी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण खडू हातातून सुटला तरी बोटं अजून फळा शोधत होती. लग्नाच्या पत्रिकेत चूक सापडली तर ते आहेराऐवजी दुरुस्ती देऊन येत. पहिल्या बैठकीत त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "प्राणिजात म्हणजे एखाद्या प्रदेशात निसर्गतः अधिवास करणाऱ्या समस्त प्राण्यांचा समुच्चय. यातला 'णि' ऱ्हस्व. मूळ शब्द 'प्राणी' दीर्घ, पण समासात तो ऱ्हस्व होतो. हे ज्याला कळलं त्याला अर्धं काम कळलं."

ही व्याख्या त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात उतरवली. मग चहा झाला. अर्धं काम झालं असल्यामुळे बैठक संपली.

गावाला कळवायचं म्हणून गुरुजींनी वैजीनाथला चिठ्ठी लिहून दिली, 'गावातील प्राणिजातीची नोंद'. वैजीनाथनं ती मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर वाचली, ती स्वतःच्या पद्धतीनं. "समद्यांना कळवन्यात येतं की उद्या दहा वाजता पंचायतीम्होरं जनावरांची जात लिहून घेनार हायेत. ज्याचं जनावर बिनजातीचं राहील त्याला तोच जबाबदार!"

शेवटचं वाक्य चिठ्ठीत नव्हतं. पण भोंगा हातात आला की वैजीनाथला थोडं वजन टाकल्याशिवाय राहवत नसे.

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर बाजार भरला. म्हशी, शेळ्या, दोन कुत्री, पिंजऱ्यातला राघू. सगळ्यांच्या पुढं एक गाढव होतं, कारण त्याचा मालक विटा टाकायला सकाळीच आला होता आणि ओझं उतरवून तिथंच थांबला होता. त्याच्या मागं शिवशंकर पाटील त्यांचा लाल कंधारी बैल घेऊन उभे. बैलाला अंघोळ घातलेली, शिंगांना तेल, पाठीवर पोळ्याची झूल.

"जातीचा दाखला निघायलाय म्हनं," शिवशंकर म्हणाले. "एकदा दाखला हातात आला की योजना हटकून येती. मानसाचं बी तसंच झालतं."

गुरुजींनी पायरीवर उभं राहून प्राणिजातीची व्याख्या पुन्हा सांगितली. समासही सोडवला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रांग होती तशीच राहिली.

"ते समदं खरं," शिवशंकर म्हणाले, "पन ह्याची जात लाल कंधारी. लिहा. आन गाढवाच्या खाली माझा बैल लिहायचा न्हाई."

गाढवाचा मालक म्हणाला, "आमी आधी आलाव."

सरपंच कोकिळाबाई खुर्चीत बसल्या होत्या, पण गावाचा कारभार त्यांचे मालक परमेश्वर बघायचे. परमेश्वर सगळीकडं पाहून म्हणाले, "गुरुजी, काहीतरी नियम लावा."

"वर्णानुक्रम," गुरुजी म्हणाले. "अ, आ, इ, ई. त्यात कुणाचा मान नाही, कुणाचा अपमान नाही."

शिवशंकरनी बोटांवर हिशेब केला. "मंजे ग आधी आन ल मागून? वर्णानुक्रमानं बी गाढवच वर?" मग चेहरा उजळला. "मग 'अस्सल कंधारी' लिहा."

गुरुजींना त्यात व्याकरणाची चूक सापडेना. लिहावं लागलं. ते पाहून शेळीवाल्यानं 'अव्वल उस्मानाबादी' सांगितलं, म्हशीवाली 'अंगभर काळी म्हैस' म्हणाली. दुपारपर्यंत वहीत एकवीस नोंदी झाल्या. त्यातल्या सतरा 'अ'च्या. गाढव शेवटून दुसरं.

धम्मशीला सकाळपासून लिहीत होती. गर्दी पांगल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. "गुरुजी, ही तर सगळी दावणीची जनावरं. तुमच्याच व्याख्येत 'निसर्गतः' शब्द हाय. रानातलं, पाण्यातलं एक बी आलं न्हाई."

"ते कोण सांगणार?"

"सितारामबाबा."

परमेश्वर हसले. सिताराम भोई म्हणजे गावाबाहेर पाण्याकाठी राहणारा, साठीच्या पुढचा माणूस. पन्नास वर्षं येलदरीच्या पाण्यात जाळं टाकत आलेला. गावाला तो दोनच वेळी आठवायचा, पाहुणे आल्यावर मरळ हवी असेल तेव्हा आणि पाण्यात कुणी बुडालं तेव्हा.

"त्याला अक्षरओळख नाही," गुरुजी म्हणाले.

"त्यांना कुठं लिहायचंय? सांगायचंच हाय. लिहायला मी हाय की."

तीन दिवस धम्मशीला सकाळी वही घेऊन पाण्यावर जात राहिली. सिताराम थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढून आला की बाभळीखाली बसायचा आणि जाळीतला गाळ-कचरा निवडता निवडता बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "कशाची यादी म्हन्लीस?"

"प्राणिजातीची."

"ते काय अस्तंय?"

"आपल्या शिवारात जे जे जिवंत फिरतंय, उडतंय, पवतंय, ते समदं."

"जित्राब," सिताराम म्हणाला. "मग जित्राब म्हनावं की. इतका लांबून वळसा कामून?"

तिनं पानाच्या डोक्यावर 'प्राणिजात' लिहिलं होतं, त्याला लागून 'जित्राब' लिहिलं. कॉलेजात तिनं बाटलीतले बेडूक पाहिले होते आणि लॅटिन नावं पाठ केली होती. पण वाम मासा चिखलात कुठं तोंड घालतो, टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागी, रोही, म्हणजे नीलगाई, पाण्यावर कोणत्या वाटेनं उतरतात, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि शिकवलंही नव्हतं. सिताराम सांगत गेला. मरळ, वाम, शिंगटा. चिलापी सांगताना तो थुंकला. "ही बाहेरून आली. आमची पोरसवदा मासळी खाऊन टाकली हिनं. पन लिही. आता हितंच ऱ्हाती म्हनल्यावर हितलीच." खोकड, उदमांजर, पाण्यात मासे धरणारं पानमांजर, सायाळ, घोरपड. मग पाखरं. सुतार, शिंपी, परीट, तांबट.

"कोतवाल लिहिला का?" त्यानं विचारलं. "ते काळं, शेपटीला दोन फाटे असलेलं. लहान हाय, पन घारीला बी पाठीवर बसून टोचतंय. त्याच्या घरट्याजवळ होले येऊन घर करत्यात. राखन फुकट."

तिसऱ्या दिवशी एकशे बारा नावं झाली. धम्मशीलानं घरी बसून ती नीट उतरवली. कॉलेजच्या कुठल्याही जर्नलसाठी तिनं इतकं मन लावून अक्षर काढलं नव्हतं.

यादी ग्रामसभेत वाचायची असा गुरुजींचा आग्रह. पंचायतीच्या हॉलमध्ये साठसत्तर माणसं जमली, कारण दाखल्याची आशा अजून कुणी सोडली नव्हती. धम्मशीला उभी राहून वाचू लागली. मासे झाले, साप झाले, कुणी जांभया दिल्या. मग ती पक्ष्यांवर आली.

"सुतार. शिंपी. परीट. तांबट."

जांभया थांबल्या.

"किड्यांमधी कुंभारीण माशी हाय, ती म्होरं येईल. ब्राह्मणी बदक."

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, बारा बलुती भरली की समदी!" सभा जागी झाली. ब्राह्मणी बदक काय खातं, असा प्रश्न आला. गवताचे कोंब, गोगलगाई, बेडूक, असं तिनं सांगितलं, तेव्हा पाच मिनिटं नुसता हशा होता. गुरुजींनी टेबल ठोकून सुचवलं की तिथं 'चक्रवाक' असा शुद्ध शब्द घालावा, म्हणजे आहाराचा प्रश्न उद्भवणार नाही.

शिवशंकर मात्र हसत नव्हते. ते उभे राहिले. "आमचा कोनता?"

"काय कोनता, दादा?"

"पाटलाचा पक्षी."

धम्मशीलानं खरोखरच यादीवरून नजर फिरवली. "न्हाई."

"सुताराचा हाय, शिंप्याचा हाय, आन पाटलाचाच न्हाई? यादी कोन केली?" त्यांनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हनूनच."

एवढा एकच शब्द. तो सगळ्यांनी ऐकला आणि सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. धम्मशीलाच्या कानशिलाला झळ लागली. तिनं कागद खाली ठेवला नाही.

"दादा, पाखरांना नावं कामावरून पडली. लाकूड ठोकतंय ते सुतार. पानं शिवतंय ते शिंपी. पान्याच्या कडंला शेपूट आपटतंय ते परीट. बसून खानारं पाखरू अजून सापडलं न्हाई. सापडलं की तुमचं नाव लावते."

हॉल फुटला. शिवशंकरचा एक पुतण्या बाकावर चढला आणि ओरडला, "कोतवाल हाय ना यादीत! तुझ्या आज्याचं पाखरू!"

धम्मशीलाचे आजोबा गावाचे कोतवाल होते. हाका मारत फिरायचे, सरकारी माणसाचं घोडं धरायचे. "हाव, माझ्या आज्याचंच," ती म्हणाली. "घार आली की तिच्या पाठीवर बसून पिसं उपटतंय."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. खुर्च्या सरकल्या, दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, कुंभारआळीतल्या म्हाताऱ्यानं 'माशीला आमचं नाव कुनी दिलं' म्हणून फिर्याद लावली. परमेश्वरांनी वैजीनाथला पंखे बंद करायला लावले, तेव्हा कुठं सभा बाहेर पडली.

त्याच दिवशी परमेश्वरांनी निकाल दिला. "गावात शांतता पायजे. जातीवाचक पाखरं समदी काढून टाका."

पण ती काढली तर यादीत भोकं पडत होती आणि मुदतीला दोन दिवस उरले होते. परमेश्वर हुशार माणूस. ते मोटारसायकल घेऊन जिंतूरला गेले. तिथं एका झेरॉक्सवाल्याकडं तयार नोंदवही मिळत होती, फक्त गावाचं नाव बदलायचं. संध्याकाळी ते छान बांधणी केलेली वही घेऊन आले. गुरुजींनी ती रात्रीतून तपासली, चौदा वेलांट्या सुधारल्या.

सकाळी वैजीनाथ वही घेऊन धम्मशीलाच्या दारात. "ताई, फुली मारलीय तितं सही."

ती वाचायला बसली. वैजीनाथ अस्वस्थ झाला. आजवर वही वाचून सही करणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. शेकरू, तिसऱ्या-शिंपल्या, खाडीतले खेकडे, समुद्रकासव, डॉल्फिन. एका पानावर तर मूळ गावाचं नावही तसंच राहिलं होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'किनाऱ्यालगत भरतीच्या वेळी'.

"वैजूदादा, येलदरीला भरती कवा येती?"

"धरनाचे दरवाजे बंद केले की येतीच की," वैजीनाथ म्हणाला. त्याला वाटलं, उत्तर दिलं.

तिनं सही केली नाही.

दुपारी गुरुजी स्वतः तीच वही घेऊन आले. भीमनगरात त्यांचे पाय पूर्वी फक्त जनगणनेला लागले होते, तेही दारापर्यंत. सुमनबाईंनी बाज टाकली, चहा ठेवला. गुरुजी बाजेच्या कडेवर बसले, एवढे कडेवर की बाज तिकडून वर आली.

"बाळ, तुझा अभ्यास मोठा आहे, पण हट्ट बरा नव्हे."

"गुरुजी, समुद्रकासव तुमी कुठं बघितलं?"

"यादी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे."

"आन खरी?"

गुरुजींनी खरेपणाचा विचार केला नव्हता. आयुष्यभर त्यांनी शुद्ध आणि अशुद्ध असे दोनच ढीग केले होते. ते चहाच्या कपाकडं पाहू लागले. कपावर साय धरायला लागली होती.

"घ्या की गुरुजी," सुमनबाई म्हणाल्या.

"मला जरा पित्त आहे."

"हाटेलात तर रोज तीन कप घेता म्हन्ते गाव. आमच्याच कपानं खवळतंय का पित्त?"

गुरुजींनी कप उचलला आणि काढा घ्यावा तसा एका दमात रिकामा केला. चहा वरून निवला असला तरी आत चांगला कढत होता. डोळ्यांत पाणी घेऊन ते उठले आणि वही तिथंच विसरून गेले.

शेवटच्या दिवशी परमेश्वरांनी समितीला पंचायतीत बोलावलं. दुसऱ्या दिवशी साहेब तपासणीला येणार होते. आवाज गोड ठेवून ते म्हणाले, "धम्मशीला, एक सही हाय. त्यानं काय तुझं झिजायलंय का?"

"मी बघितलं न्हाई ते बघितलं म्हनून लिहिनार न्हाई."

"डॉल्फिन कुनाला चावनार हाय?"

तेवढ्यात कोकिळाबाई बोलल्या. अडीच वर्षांत त्या या हॉलमध्ये कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे आवाज कुठून आला हे पाहायला दोघंतिघं दाराकडं वळले.

"समुद्र कुठं हाय आपल्यात?"

"तू गप," परमेश्वर सवयीनं म्हणाले.

"माझं माहेर गंगाखेडचं. गोदावरीतली कासवं मी लई बघितली. समुद्राचं न्हाई बघितलं. उद्या सायेब म्हनला, सरपंचबाई, दाखवा कासव, तर मी काय दाखवू? सही माझी, शिक्का माझा. तुमाला काय, तुमी फटफटीवर बसून जासाल. मला घेऊन जातील." त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलून पदराखाली घेतला. "तिची यादी लावा. न्हाईतर ह्याला शाई लागायची न्हाई."

परमेश्वर शिक्क्याकडं पाहत राहिले. धम्मशीलानं आणलेल्या दोन्ही वह्या टेबलावर, आणि शिक्का बायकोच्या पदराखाली. शेवटी ते म्हणाले, "मी तेच म्हनायलो होतो. खरीच लावावी."

सिताराम आणि धम्मशीलाची यादी लागली, कोतवालासकट. शिवशंकरला राजी करायला 'अस्सल कंधारी' पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत ठेवावा लागला. गुरुजींनी चक्रवाक घातला आणि शेजारी, धम्मशीलानं उभं राहून सांगितल्यावर, 'ब्राह्मणी बदक'सुद्धा राहू दिलं.

साहेब आले. त्यांनी आधी शिक्के मोजले, मग सह्या, मग पानं. डोक्यावरच्या शीर्षकाशी बोट थांबलं.

"हे जित्राब काय आहे?"

गुरुजी लगबगीनं पुढं झाले. "ग्राम्य शब्द आहे, साहेब. आत्ता काढतो."

"राहू द्या. पानं भरलीत ना?" साहेबांनी खाली टिपणी लिहिली, 'तपासले, योग्य'. सगळं अकरा मिनिटांत झालं. त्यातली चार साहेबांनी बैलाबरोबर फोटो काढण्यात घालवली, कारण शिवशंकर त्याला धुऊन घेऊन आले होते. फोटो पेपरात आला. खाली गुरुजींचं आणि परमेश्वरांचं नाव होतं.

वही कपाटात गेली, पण शब्द गावात मोकळा सुटला. बाया नळावर भांडताना "कोन्या प्राणिजातीची हायेस गं" म्हणू लागल्या. शिवशंकर रिकाम्या बैठकीला "प्राणिजात भरली" म्हणायचे. कुणी विनाकारण रांगेत उभा दिसला की लोक विचारत, "प्राणिजातीला आलास काय?" गुरुजी एकदा पारावर थांबून अर्थ समजावू लागले. लोकांनी ऐकून घेतलं, मग एकजण म्हणाला, "गुरुजी, अर्थ तुमचा बरोबर हाय. आमी फक्त वापर करायलाव."

धम्मशीला सितारामला सांगायला पाण्यावर गेली. तो जाळं दुरुस्त करत होता.

"वही पास झाली, बाबा. एकशे बाराची एकशे बारा राहिली."

"बरं झालं." त्यानं एक गाठ ओढली. "पानमांजर लिहिलंय ना त्यात? ते खोड. ह्या साली एक बी दिसलं न्हाई. वरच्या अंगाला बी विचारून आलो."

"आता खोडता येत न्हाई. शिक्का बसलाय. सायेबानं 'योग्य' लिहिलंय."

सिताराम हसायला लागला. दात नसलेलं, पोटातून येणारं हसू. "मंजे पान्यात न्हाई, पन कपाटात हाय."

"हाव."

"बघ मग. आता लोकांनी पानमांजर बघायचं म्हन्लं, तर वैजीनाथकडून किल्ली मागावी लागंल."

धम्मशीलाला हसू आलं नाही. तिनं पिशवीतून दुसरी वही काढली, शाळेची, दोनशे पानी. बाभळीखाली बसली आणि पानावर तारीख घातली.

"शेवटचं कवा बघितलं होतं, बाबा? कुठल्या अंगाला? नीट आठवून सांगा."

सितारामनं जाळं बाजूला ठेवलं आणि पाण्याकडं तोंड करून आठवू लागला.